बेळगावला अपील हरलो, आता धारवाडला वकील कसा बघावा?

जांबोटीकर_पुण्यात

नमस्कार. आईचं माहेर जांबोटीच्या पुढं, खानापूर तालुक्यातलं. आजोबांची सहा एकर भातजमीन आणि थोडी काजूची बाग आहे. आजोबा १९९३ ला वारले. १९९६ मध्ये मामांनी आईची एका वर्दीवर, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलायच्या अर्जावर, सही घेतली, "उताऱ्यावर नावं लावायची आहेत" एवढंच सांगून. कागद कन्नडात होता आणि आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली. पुढं २०१४ ला तिनं खानापूर कोर्टात वाटणीचा दावा घातला आणि २०१९ ला निकाल तिच्या बाजूनं लागला. मामांनी बेळगावला अपील केलं. ते आता मंजूर झालंय आणि आईचा दावा फेटाळला गेलाय. कारण काय तर भावांत तोंडी वाटणी झाली होती आणि आईनं सही करून हक्क सोडला होता.

खालचे वकील म्हणतात, धारवाडला माझा मित्र आहे, वकालतनाम्यावर सही करून द्या, बाकी तो बघेल. मावसभाऊ म्हणतो, पैसे लागले तरी चालतील, बेंगळूरचा मोठा वकील द्या. आई म्हणते, "त्या कागदात माझ्याबद्दल काय लिहिलंय ते तरी कोणीतरी मला वाचून दाखवा." निकाल कन्नडात आहे आणि मला कन्नड बोलता येतं, पण कोर्टाची भाषा डोक्यावरून जाते. वकील निवडायचा तर नेमकं काय विचारायचं?

निपाणीचा_संतोषी

दादा, मित्राच्या भरवशावर सही देऊ नका. आमच्या बांधाच्या केसमध्ये एका वकिलानं फी घेतली आणि चौदा महिने "अपील पडलंय, नंबर यायचाय" असं सांगत राहिला. अपील दाखलच केलेलं नव्हतं. वडिलांनी त्या धक्क्यानं कोर्टाचं नाव टाकलं. पैसे दिल्यावर दाखल झालेल्या केसचा नंबर मागून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर स्वतः बघा. तिथं दिसेल तेव्हाच अपील पडलं असं समजा.

मलप्रभाकाठ

मी हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात अपिलाचं काम करते. नाव आणि नंबर देणार नाही, कारण बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, आणि हा नियम मला मनापासून पटतो. तुमची केसही मला नको आहे. पण आईंचं ते वाक्य वाचलं आणि लिहायला बसले.

आधी मी कुठून आले ते सांगते. वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं. कन्नड भाषा शाळेत विषय म्हणून शिकले, पण वापरायला लागले बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेजला आल्यावर. १९९९ ला सनद मिळाली. पुढची नऊ वर्षं बेळगाव, खानापूर, हुक्केरी इथं खालच्या कोर्टांत दावे चालवले, साक्षी घेतल्या. तेव्हा हायकोर्ट म्हणजे बेंगळूर. सीनियरांच्या मागं बस्ता उचलून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर जायचं आणि पाच मिनिटांत तारीख घेऊन परत यायचं. सोबत आलेला पक्षकार शेतकरी जाण्यायेण्यातच खचायचा. ४ जुलै २००८ ला धारवाडला फिरतं खंडपीठ सुरू झालं आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते कायम झालं. त्यासाठी इकडच्या वकिलांनी किती वर्षं आंदोलन केलं हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. बेळगावहून सकाळची बस धरली की कोर्ट उघडायच्या आत माणूस धारवाडला पोचतो. मी तेव्हाच अपिलाकडं वळले.

वळण्यामागं एक दुखरं कारणही होतं. खालच्या कोर्टात माझ्या एका पक्षकार बाईंकडं भावाचं पत्र होतं, जमीन अजून सामाईक आहे असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. ते मी साक्षीच्या वेळी निशाणी पाडून घेतलं नाही, म्हणजे पुरावा म्हणून त्यावर कोर्टाचा नंबर घालून घेतला नाही, फाईलला नुसतं जोडलं. अपिलात समोरच्या वकिलांनी एवढंच म्हटलं की हा कागद पुराव्यात नाही. वर नवा पुरावा द्यायची वाट आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम २७ ची, पण ती फार अरुंद आहे आणि आम्हाला ती मिळाली नाही. बाई हरल्या. अपील चालतं ते खाली तयार झालेल्या कागदांवर, हे मला त्या दिवशी समजलं, आणि दुसऱ्याच्या नुकसानीतून समजलं.

म्हणून माझी पद्धत अशी पडली. पहिल्या भेटीत मी वकालतनामा घेत नाही, कागद घेते आणि वाचण्याची फी घेते. दाव्याचा अर्ज, मग कैफियत (समोरच्याचं लेखी उत्तर), मग मुद्दे, मग साक्षी आणि उलटतपास, मग निशाण्या. निकाल सगळ्यांत शेवटी. आधी निकाल वाचला की न्यायाधीशांच्या नजरेनंच साक्ष वाचली जाते आणि जे सुटलंय ते आपल्यालाही दिसत नाही. आपल्या भागात तर साक्ष कन्नडात, जुने कागद मराठीत, १९५६ च्या आधीचे मुंबई राज्यातले, त्यातले काही मोडीत, आणि हायकोर्टातला युक्तिवाद इंग्रजीत. माणसाचं म्हणणं या वाटेत दोनतीनदा कूस बदलतं. एका केसमध्ये १९४१ चा मोडी कागद होता. दोन्ही कोर्टांनी तो वाटणीपत्र धरला होता. मोडी वाचणाऱ्या एका जुन्या गुरुजींकडं मूळ कागद नेला तर त्यात "वहिवाटीपुरती वाटून घेतली" असं होतं. लिप्यंतर करणाऱ्यानं "वहिवाटीपुरती" गाळून टाकलं होतं. कसण्याच्या सोयीसाठी शेत वेगळं करणं म्हणजे कायद्यानं वाटणी नव्हे. सगळं अपील त्या एका शब्दावर उभं राहिलं.

वाचून झालं की मी पक्षकाराला निकाल मराठीत, परिच्छेद थांबवत थांबवत सांगते. दुपार जाते त्यात. हरलेल्या माणसाला आपण का हरलो हे कळायचा हक्क आहे, मग पुढं अपील करो न करो. आणि बऱ्याच जणांना मी "नको" म्हणते. तुमचं दुसरं अपील आहे, कलम १०० खालचं. तिथं साक्षीदार खरा की खोटा यावर सहसा पुन्हा चर्चा होत नाही, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. तो दिसत नसेल तर बैल विकून अपील करायला लावणं मला जमत नाही. नंदगडकडचे एक काका माझ्यावर रागावून गेले होते. सहा महिन्यांनी आले आणि भावाशी तडजोडीचा कागद करून द्या म्हणाले.

तुमच्या लिहिण्यात मात्र विचार करण्यासारखं आहे. कागद न बघता शब्द देत नाही, पण तुमच्या वकिलानं हे प्रश्न तुम्ही न सांगता काढायला हवेत. वर्दीवरच्या सहीनं स्थावर मिळकतीतला हक्क सुटतो का? हक्कसोड म्हटली की नोंदणीकृत दस्त लागतो, आणि उताऱ्यावरच्या नोंदीनं मालकी तयार होत नाही. सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात मुलीचा हक्क जन्मानं आहे असं सांगितलं, आणि नुसत्या तोंडी वाटणीचा बचाव सहजी मानायचा नाही, सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल अशा अपवादातच मानायचा, असंही. मामांचे वकील वर्दीलाच तो आधार म्हणतील, खरी लढाई तिथं आहे. शिवाय आजोबांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी १९५६ च्या कायद्यापासून वारस आहेच. आणि खानापूरच्या न्यायाधीशांनी दिलेली कारणं बेळगावच्या निकालात एकेक घेऊन खोडली आहेत की नुसती बाजूला ठेवली आहेत, ते बघायला सांगा. निकाल फिरवणाऱ्या कोर्टावर ती जबाबदारी जास्त असते, संतोष हजारी खटल्यात २००१ ला सुप्रीम कोर्टानं ते नीट सांगितलंय.

बेंगळूरचं मोठं नाव घेऊ नका असं नाही. पण आईंची उलटतपासणी कन्नडात झाली असेल. ती मुळातून कोण वाचणार, हे विचारा.

एक जाता जाता. आपल्याकडं वरचं कोर्ट म्हटलं की लोक २००४ चा सीमाप्रश्नाचा दावा डोळ्यांपुढं आणतात आणि "वर गेलं की वर्षानुवर्षं तसंच" म्हणून हातपाय गाळतात. तो राज्याराज्यातला, थेट सुप्रीम कोर्टातच सुरू झालेला मूळ दावा आहे. तुमचं अपील वेगळं, त्याची घाई वेगळी. निकालाची तारीख कळवा.

निवृत्त_शिरस्तेदार

मॅडमनी सगळं सांगितलंय, मी मुदतीचं बोलतो. हायकोर्टात अपिलाला निकालाच्या तारखेपासून ९० दिवस. नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंत जे दिवस गेले ते यातून वजा होतात. नकलेच्या पाठीमागं शिक्के असतात, अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. तयार होऊन पडलेली नक्कल तुम्ही उशिरा उचलली तर ते दिवस मात्र तुमच्याच अंगावर. तीस वर्षं हे शिक्के मारले, आणि त्याच कारणानं लोकांना रडतानाही बघितलंय. उशीर झाला तर कलम ५ चा माफीचा अर्ज असतो. त्यात खरं कारण लिहा. खोटं आजारपणाचं सर्टिफिकेट लावू नका.

जांबोटीकर_पुण्यात

सगळ्यांचे आभार. निकाल होऊन आज ५८ दिवस झाले. नक्कल मिळाली आहे, शिक्के बघितले, ११ दिवस वजा होतील. पण साक्षीचे कागद आमच्याकडं नाहीत, वकील म्हणतात लागत नाहीत. आणि काल मामेभाऊ खालच्या दोन एकरांचं गिऱ्हाईक घेऊन आला होता असं गावातून कळलं. आई रात्रभर झोपली नाही. ते विकून मोकळे झाले तर?

मलप्रभाकाठ

साक्षीचे कागद लागतात. वकील देत नसतील तर उद्याच स्वतः नकलेचा अर्ज द्या, पण ते येईपर्यंत अपील थांबवू नका.

अपील नुसतं दाखल केल्यानं काही थांबत नाही. सोबत अंतरिम अर्ज देऊन जमीन विकू नये, "जैसे थे" राहावी असा आदेश मागावा लागतो. त्यांनी कॅव्हेट, म्हणजे आम्हालाही ऐका असा अर्ज, आधीच घातला असेल तर त्यांना ऐकल्याशिवाय तो मिळणार नाही, म्हणून वकिलाला कॅव्हेट आधी तपासायला सांगा. तोवर घाबरू नका. दावा चालू असताना झालेली विक्री शेवटच्या निकालाला बांधलेली असते, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२. गिऱ्हाईकाला हे एका नोटिशीनं कळवलं तर बहुतेक वेळा तोच मागं सरतो.

पैशाची अडचण असेल तर आईंना बाई म्हणून, उत्पन्न कितीही असलं तरी, १९८७ च्या कायद्याखाली मोफत वकील मिळतो. धारवाडला हायकोर्टाची विधी सेवा समिती आहे. तिथले वकील कमी प्रतीचे असतात ही समजूत काढून टाका, मी स्वतः त्या यादीवर काम केलंय.

जांबोटीकर_पुण्यात

कळवायला उशीर झाला. रजा काढून आईला घेऊन धारवाडला गेलो होतो. तीन वकिलांना भेटलो. पहिल्यांनी फी सांगितली, दुसऱ्यांनी "शंभर टक्के होतंय" म्हटलं. तिसरे मूळचे बैलहोंगलचे, घरी कन्नड, मराठी मोडकं बोलतात. त्यांनी आधी विचारलं, "अव्वांची उलटतपासणी कुठाय?" खानापुरातून नकला मिळाल्यावर चार दिवसांनी परत बोलावलं. आईला समोर बसवलं आणि निकाल सांगायला लागले. अडलं तिथं मी मराठीत सांगितलं. सहीच्या परिच्छेदाला आईनं हात वर करून थांबवलं आणि म्हणाली, "मी सही केली तेव्हा कागद अर्धा कोरा होता, हे मी कोर्टात सांगितलं होतं." त्यांनी साक्षीची पानं उलटली. सातव्या पानावर ते वाक्य होतं. बेळगावच्या निकालात ते कुठंच आलेलं नाही.

अपील ८३ व्या दिवशी दाखल झालं. नंबर ॲपवर दिसतोय. "जैसे थे"च्या अर्जावर सोमवारी तारीख आहे.