मदत हवी आहे: १९६९ पूर्वीच्या वाइल्डकॅट (गनस्मिथने स्वतः घडवलेल्या, तेव्हा फॅक्टरीत न बनणाऱ्या काडतुसाच्या) .२५-०६ रायफलीत आजची फॅक्टरी काडतुसं चालतील का?

छर्रा
मंडळी, मॉझर ९८ अ‍ॅक्शनवर (बोल्ट असलेला मधला यांत्रिक भाग) बसवलेली जुनी शिकारी रायफल आहे. नळी २४ इंची, त्यावर फक्त "२५ / ३०-०६" कोरलंय. कारागिराचं नाव नाही, सोबत केस (काडतुसाची पितळी कवचं) किंवा डाय (केसला आकार द्यायचे साचे) नाहीत. काम १९६९ च्या आधीचं हे नक्की.
१) फॅक्टरी .२५-०६ रेमिंग्टन थेट वापरता येईल का?
२) गोळी १०० ग्रेन वजनाची घ्यावी की १२० ग्रेन?
जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

आटेदार
थेट नको. आधी मोजमाप.

अमेरिकन गनस्मिथ अ‍ॅडॉल्फ नायडनरने १९२० मध्ये .३०-०६ काडतुसाच्या केसची मान (गोळी धरणारं तोंड) .२५ ला आवळली आणि खांदा साडेसतरा अंशांचाच ठेवला. रेमिंग्टनने हे काडतूस १९६९ मध्ये फॅक्टरीत आणलं. मधली जवळपास पन्नास वर्षं प्रत्येक गनस्मिथ आपापल्या रीमरने (कापायच्या हत्याराने) चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची पोकळी, कापत होता, बंधनकारक प्रमाण असं नव्हतंच. त्यामुळे नळीवरच्या अक्षरांवर काडीचा भरवसा ठेवू नका.

पहिलं, नळीचा व्यास. मऊ शिशाची तेल लावलेली गोळी तोंडाकडून आत ढकलून पार काढा आणि तिचा सर्वांत मोठा व्यास मोजा. ०.२५७ इंच यायला हवा. ०.२६४ आला तर ती ६.५-०६, म्हणजे वेगळ्याच काडतुसाची, विषय तिथेच संपला.

दुसरं, चेंबरचा साचा. सेरोसेफ (साचा घ्यायचा मिश्रधातू) ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतं. चेंबर कोरडं करून, थ्रोटच्या (चेंबर संपून नळीतले पिळदार आटे सुरू होतात तो भाग) जरा पुढे कापडाचा घट्ट बोळा बसवा आणि चेंबर भरेल इतकंच ओता. बोल्टच्या लगच्या (बोल्ट अडकवणाऱ्या दातांच्या) खाचांत सांडलं तर साचा निघता निघत नाही. हा धातू आधी आकसतो, मग फुगतो. म्हणून अर्ध्या तासाच्या आत बाहेर काढा, पण माप ओतल्यापासून एक तासाने घ्या. दुसऱ्या दिवशी मोजलंत तर चेंबर आहे त्यापेक्षा मोठं वाटेल, आणि इथे तीच चूक महागात पडते.

साच्यावर मानेचा व्यास नीट बघा. फॅक्टरी काडतुसाची मान ०.२९० इंचापर्यंत असते. चेंबरची मान त्यापेक्षा किमान ०.००२ आणि शिकारी रायफलीत ०.००३-०.००४ इंच मोठी हवी. काही जुन्या कारागिरांनी ती मुद्दाम घट्ट कापली, केसच्या माना खरवडून पातळ करायच्या हिशेबाने. अशा चेंबरमध्ये मान फुगून गोळी सोडू शकत नाही आणि दाब एकदम चढतो. बोल्ट सहज बंद झाला म्हणजे सगळं ठीक, असं अजिबात नाही.

तिरकसखांदा
+१. साच्यावर खांद्याचा कोनही मोजा. ४० अंशांच्या आसपास असेल आणि धड जवळजवळ सरळ असेल, तर ते अ‍ॅक्ली इम्प्रूव्हड, म्हणजे त्याच काडतुसासाठी मोठं केलेलं चेंबर. हेडस्पेस (बंद बोल्टपासून काडतुसाचा खांदा टेकतो तिथपर्यंतचं अंतर) बरोबर असेल तर त्यात साधं .२५-०६ चालतं आणि केस नव्या आकारात फुलून निघते, पण वेग थोडा कमी मिळतो.

हेडस्पेससाठी वेगळे गेज शोधत बसू नका. .३०-०६, .२७० आणि .२५-०६ ला तेच गेज चालतात. फायरिंग पिन काढून ठेवा. मॉझरचा एक्स्ट्रॅक्टर (केस बाहेर ओढणारा भाग) म्हणजे चांगला दांडगा पंजा, त्यामुळे गेजची कड आधी पंजाखाली सरकवा, मग बोल्ट आत घाला. दोन बोटांच्या जोराने बंद करायचा: 'गो' (किमान मापाच्या) गेजवर बंद व्हायला हवा, 'नो-गो' (कमाल मापाच्या) गेजवर नाही. ताकद लावली की गेजही खोटं बोलतो.

छर्रा
धन्यवाद. .३०-०६ च्या केस आवळून वापरल्या तर मानेचा प्रश्न सुटेल का?

आटेदार
उलट वाढेल. ०.३०८ वरून ०.२५७ वर येताना मानेचा पत्रा जाड होतो, म्हणजे टर्निंग (मान खरवडून पातळ करणं) आलंच. .२७० च्या केस तर लांबीलाही जास्त, कापून २.४९४ इंचांवर आणाव्या लागतात. फॅक्टरी .२५-०६ केस मिळत असताना हा उद्योग कशाला? एक उपयोगी खूण: उडवलेल्या केसच्या मानेत नवी गोळी हाताने सहज सरकली पाहिजे. अडकली तर तिथेच थांबा.

लांबपल्ला
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आट्यांच्या पिळावर आहे. सफाईच्या सळईला घट्ट चिंधी लावा, सळईवर खूण करा आणि ती एक पूर्ण फेरा फिरेपर्यंत किती इंच आत जाते ते मोजा. १० इंच आले तर १२० ग्रेन आरामात स्थिर राहते. जुन्या .२५ च्या काही नळ्या १४ इंचांच्या असतात, त्या ८७ ग्रेनसाठी होत्या. त्यात लांब १२० ग्रेन डगमगते आणि कागदावर आडवं भोक पाडते.

फॅक्टरीचे आकडे २४ इंची नळीचे: १०० ग्रेनला सुमारे ३२३० फूट/सेकंद, १२० ला २९९०. ऊर्जा अनुक्रमे ३१४० आणि ३२३० ज्यूलच्या आसपास. म्हणजे फरक ऊर्जेत फारसा नाही, गोळीच्या वजनात आहे. हरणासाठी १००, त्याहून जड जनावराला १२०. २०० यार्डांवर शून्य केलं (नेम तिथे जुळवला) तर ३०० वर साधारण ६-७ इंच खाली.

हे आकडे नायडनरच्या काळात धरू नका. एवढ्या मोठ्या केसला आणि अरुंद नळीला सावकाश जळणारी पावडर लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर २० मिमी तोफेची ४८३१ पावडर सरप्लसमध्ये स्वस्तात मिळायला लागली, तेव्हा कुठे या काडतुसाचं चीज झालं. याचाच दुसरा परिणाम म्हणजे थ्रोट लवकर जळतो. तुमच्या साच्यात आट्यांची सुरुवात बोथट किंवा भेगाळलेली दिसली, तर गोळी कोणती हा प्रश्न मागे ठेवा आणि आधी नळी बदलायचा विचार करा.