रायडिंग मोवरचे पार्ट: नेमका पार्ट कसा मिळवलात? अनुभव लिहा

मंडळी, ज्यांच्याकडे बसून चालवायचा गवत कापायचा मोवर आहे त्यांच्यासाठी हा धागा काढतोय. मशीन घेताना हॉर्सपॉवर विचारतो, डेक, म्हणजे ब्लेड बसवलेला खालचा पत्रा, किती इंची ते विचारतो, पण खरा कस लागतो तो चार-पाच वर्षांनी, बेल्ट तुटला की किंवा डेकखालून घरघर यायला लागली की. दिसायला अगदी सारखा पार्ट आणावा आणि तो बसूच नये, किंवा बसावा आणि आठवड्यात जावा, हे बऱ्याच जणांचं झालंय. तुमचं कुठे चुकलं आणि शेवटी नेमका पार्ट कसा सापडला ते सविस्तर लिहा, म्हणजे पुढच्या माणसाचा वेळ वाचेल. सुरुवात मी करतो.

माझा डेकचा बेल्ट गेला. जुना बेल्ट हातात होता म्हणून त्याच्या बाहेरून सुतळी फिरवली, माप घेतलं आणि त्या मापाचा साधा व्ही-बेल्ट घेऊन आलो. बसला मस्त. पण ब्लेडचा लिव्हर ओढला की ब्लेड फिरायची आणि जरा दाट गवत आलं की मंदावायची. खाली वाकून बघितलं तर ताण देणारी आयडलर पुली पार तिच्या शेवटच्या टोकाला जाऊन टेकलेली, म्हणजे तिला बेल्ट अजून ताणायला जागाच उरली नव्हती. तेव्हा कळलं की वापरलेला बेल्ट ताणून लांब झालेला असतो, त्याचं माप म्हणजे खराब झालेल्या बेल्टचं माप. अर्धा इंच जास्त झाला तरी फरक पडतो. शिवाय साधा बेल्ट या कामाचा नाहीच, कारण मोवरमध्ये ब्लेड जोडताना दर वेळी बेल्ट आधी घसरतो मग पकडतो, आणि आयडलर त्याच्या पाठीवरून फिरते. म्हणून मोवरच्या बऱ्याच बेल्टमध्ये अरामिडचा, म्हणजे केव्हलारसारखा धागा असतो. माझा साधा बेल्ट तिसऱ्याच वेळी जळकट वास द्यायला लागला, कडा काळ्या चकचकीत झाल्या. मग सीट उचलली, खालच्या पत्र्यावर चिकटवलेला मॉडेल नंबर पुसून वाचला, त्यावरून पार्ट-यादीतला बेल्टचा नंबर काढला आणि तोच मागवला. आयडलर आता मधोमध उभी राहते.

*

सीटखालच्या नंबराचं बरोबर आहे पण तो मशीनचा नंबर झाला, इंजिनाचा नाही!! इंजिनाचा वेगळा असतो, माझं तिथेच चुकलं. कार्बोरेटरचं गॅस्केट हवं होतं, मशीनचा मॉडेल नंबर सांगून मागवलं आणि आलं ते भलतंच, भोकं एका रेषेत येईनात. एकाच मॉडेलच्या मोवरवर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिनं बसवलेली असतात हे मला माहीतच नव्हतं. माझं इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, त्यावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात आणि तिन्ही लागतात. कोड म्हणजे इंजिन बनल्याची तारीख, पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन दिवस. म्हणजे 090415 ने सुरू होत असेल तर 2009 च्या एप्रिलची 15 तारीख. कोहलर इंजिन असेल तर स्पेक नंबर बघा.

माझ्या इंजिनावर तेल आणि गवताचा भुसा मिळून इतका जाड थर बसला होता की पत्र्यावर काही लिहिलंय हेच दिसत नव्हतं. इंजिन पूर्ण गार झाल्यावर फडक्याने घासून काढलं, आकडे तरी पुसटच, मग पांढरा खडू आडवा घासला आणि वरून बोट फिरवलं. खोलगट भागात खडू बसला आणि आकडे उमटले. लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवला, परत ती घासाघीस नको.

*

क्राफ्ट्समनचं जुनं मशीन असेल तर अजून एक. मॉडेल नंबरात टिंबाच्या आधी तीन आकडे असतात, ते सोडून देऊ नका, मशीन प्रत्यक्षात कोणी बनवलं ते त्यातून कळतं. 247 म्हणजे एमटीडी कंपनी, 917 असेल तर एवायपी कंपनी (नंतर हुस्क्वार्नाकडे गेलं ते). नाव एकच, रंग एकच, पण आतले पार्ट एकमेकांना लागत नाहीत. नुसतं 'क्राफ्ट्समन 42 इंची' सांगून पार्ट मागितला तर मिळणारा पार्ट बसेल याची काही खात्री नाही.

*

मी ब्लेडबद्दल लिहिते. माझं 42 इंची डेक, दोन ब्लेड. एक ब्लेड झाडाच्या बुंध्याला लागून वाकलं आणि सगळं मशीन थडथडायला लागलं, स्टिअरिंगवर हात बधिर व्हायचे. जुनं काढून एका कडेने लांबी मोजली, तिथेच चूक. ब्लेडची लांबी तिरकी मोजायची, एका धारेच्या टोकापासून समोरच्या धारेच्या टोकापर्यंत, मधल्या भोकावरून. दोन ब्लेडचं 42 इंची डेक असलं तरी ब्लेड बरोबर 21 इंचाचं नसतं, जरासं जास्तच असतं, कारण दोघांच्या मध्ये गवताची पट्टी सुटू नये म्हणून दोघांची वर्तुळं थोडी एकमेकांवर येतात.

दुसरी गोष्ट मधलं भोक. गोल असतं, नाहीतर ताऱ्यासारखं, आणि ताऱ्याला टोकं किती ते मोजायचं, पाच, सहा, सात असे प्रकार आहेत. मी घाईघाईत पाच टोकांचं आणलं आणि माझ्या स्पिंडलला, म्हणजे ब्लेड ज्यावर बसून फिरतं त्या भागाला, सहा टोकं. दिसायला इतकं जवळपास की बोल्ट जोरात आवळला तर बसेल असं वाटतं. कृपा करून असं कधीही करू नका, ब्लेड नीट टेकलेलं नसेल तर फिरताना सुटू शकतं आणि सुटलं तर काय होईल ते सांगायला नको. मी परत केलं आणि योग्य ते मागवलं.

आणि डेकखाली हात घालायच्या आधी किल्ली काढून घ्या, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करा, दोन सिलिंडर असतील तर दोन्ही वायरी. एक मिनिटाचं काम आहे.

*

वरच्या ताईंना एक पुरवणी. काही डेकमध्ये ब्लेडच्या बोल्टला उलटे आटे असतात. बोल्ट सुटत नसेल तर पान्याला पाइप लावून ताकद लावण्याआधी पार्टच्या चित्रात 'लेफ्ट हँड' लिहिलंय का ते बघा. मी न बघता जोर लावला, बोल्टचं डोकं गोल झालं आणि मग एका बोल्टपायी अख्खं स्पिंडल बदलावं लागलं.

*

माझा अनुभव बेअरिंगचा आहे आणि जरा लांबच आहे, कारण याच्यात माझे तीन रविवार गेले. डेकच्या एका स्पिंडलमधून खरखर यायची, ब्लेड हाताने फिरवलं की आत वाळू असल्यासारखं लागायचं. स्पिंडल उघडलं, बेअरिंग बाहेर काढलं, कडेवर कोरलेलं 6203 स्वच्छ वाचता येत होतं. मी म्हटलं झालं काम, 6203 तर सगळीकडे मिळतं. आणलं, बाहेरच्या घरात दाबून बसवलं, छान घट्ट गेलं. मग शाफ्ट आत सोडला तर तो सरळ आरपार गेला आणि आत खुळखुळायला लागला. मला वाटलं शाफ्टच झिजला, म्हणून शाफ्ट मागवायच्या तयारीत होतो. एका ओळखीच्या फिटरने व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावलं, शाफ्ट 15.87 मिलिमीटर आणि बेअरिंगचं आतलं भोक 17. तो म्हणाला तुमचा शाफ्ट चांगलाय, तो मिलिमीटरचा नाहीच, पाच-अष्टमांश इंचाचा आहे. मग जुनं बेअरिंग परत घेऊन नीट पुसलं तर 6203 च्या पुढे बारीक अक्षरात -10 होतं. साधं 6203 म्हणजे आत 17, बाहेर 40, जाडी 12 मिलिमीटर. -10 म्हणजे बाहेरून तेच 40 पण आतलं भोक 10 भागिले 16 इंच, म्हणजेच पाच-अष्टमांश. 6204 ला पण असंच -12 येतं, पाऊण इंच भोक, साध्या 6204 चं 20 मिलिमीटर असतं. जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक, डोळ्याला दिसत नाही पण ब्लेडच्या वेगाला तो फार होतो.

तर नंबर शेपटासकट वाचा, आणि व्हर्नियर नसेल तर कुणाचं तरी मागून आणा. पुढे 2RS लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहेत असा अर्थ, डेकखालच्या धुळीत उघडं बेअरिंग टिकत नाही.

*

स्पिंडलचा विषय निघालाच आहे म्हणून. स्पिंडलचं नवीन हाउसिंग, म्हणजे बाहेरचं घर, आलं तेव्हा त्याच्या भोकांना आटेच नव्हते, मी 'खराब माल' म्हणून परत पाठवणार होते. बऱ्याच मशीनला तसंच येतं, सोबतचे बोल्ट स्वतःच आटे पाडत आत जातात. सरळ धरून हळूहळू फिरवायचे, अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, घाई केली तर ॲल्युमिनियम फाटतं.

*

इलेक्ट्रिकलवाल्यांनी काळजी घ्या. माझा किल्लीचा स्विच ढिला झाला होता, मागच्या पाच पिना मोजल्या, तसाच पाच पिनांचा स्विच आणला, सॉकेट टक्क करून बसलं. किल्ली फिरवली, स्टार्टर फिरला, इंजिन काही धरेना. पुढे दोन दिवस कार्बोरेटर खोलून बसलो, पेट्रोल बदललं, प्लग बदलला. शेवटी उलगडा झाला तो असा की पिनांचा आकार आणि जागा सारख्या असल्या तरी कुठली पिन कशाला जोडलेली आहे ते प्रत्येक स्विचचं वेगळं असतं. पिनांच्या शेजारी B, S, M, G अशी बारीक अक्षरं असतात, B बॅटरी, S स्टार्टरचा सोलेनॉइड (स्टार्टरला करंट देणारा विजेचा स्विच), M मॅग्नेटो (इंजिन फिरताना ठिणगीची वीज स्वतःच बनवणारा भाग), G अर्थ. मॅग्नेटोच्या इंजिनात बंद करताना M अर्थला जोडला जातो, त्या वायरीवर बॅटरीचा करंट कधीच यायला नको. माझ्या नव्या स्विचने नेमका तिथेच 12 व्होल्ट दिला आणि इग्निशन कॉइल जळाली. एका स्विचपायी कॉइल गेली याचं अजून वाईट वाटतं. जुना स्विच समोर ठेवून अक्षरं जुळवा, पिना मोजू नका. सोलेनॉइडचंही तेच, तीन खांबी वेगळा, चार खांबी वेगळा. सीटखालचे सेफ्टी स्विच पण दोन जातीचे, एक दाबल्यावर जोडणारा आणि एक दाबल्यावर तोडणारा, बाहेरून जुळे भाऊ.

आणि हो, सीटचा स्विच मिळत नाही म्हणून वायरी पिळून जोडू नका. माणूस खाली पडला तर ब्लेड थांबवणारी तीच एक गोष्ट आहे.

*

बॅटरी: U1 साइझ सगळे सांगतात, पण U1R आणि U1L वेगळ्या, प्लस उजवीकडे की डावीकडे एवढाच फरक. उलट बाजूची घेतली की वायर पोचत नाही, मग ओढूनताणून बसवली जाते आणि धातूला घासते.

*

माझं मशीन खूप जुनं आहे, सासऱ्यांनी जपून वापरलेलं, ते टाकायचं माझ्या मनात येत नाही. डेकची पुली मोडली. पुलीवर ओतीव आकडा होता तो शोधला, काहीच मिळालं नाही. नंतर समजलं की तो ओतकामाच्या साच्याचा आकडा, पार्ट नंबर नव्हे. मग सुट्या भागांचं चित्र मिळवलं, त्यातला खरा नंबर घेतला तर 'बंद झाला' असं आलं. तिथे हात टेकणार होते, पण एका जुन्या मेकॅनिककाकांनी सांगितलं की नंबर बंद झाला म्हणजे पार्ट बंद झाला असं नाही, बऱ्याचदा त्याच्या जागी नवा नंबर दिलेला असतो, कधी तो नवाही बदललेला असतो. साखळी धरत गेले, तिसऱ्या नंबरावर पुली मिळाली. फक्त चित्राखाली बारीक टीप होती की अमुक सीरियल नंबरापर्यंत एक पुली आणि त्यानंतर दुसरी, म्हणून मॉडेल नंबरासोबत सीरियल पण टिपून ठेवा.

पुली काल बसवली, ब्लेड एकसारखी फिरतायत. आता पुढच्या चाकांचे टायर राहिलेत, जुन्यावर 15x6.00-6 असं लिहिलंय, म्हणजे उंची 15, रुंदी 6 आणि रिम 6 इंची एवढं कळलं. पण रिमच्या आतल्या बुशचं, म्हणजे आस ज्यात बसतो त्या नळीचं, माप कसं घ्यायचं, बुश काढून की तसंच? कुणी केलं असेल तर लिहा, चाक अजून उघडलेलं नाही.