'फ्री हग्ज'ची (म्हणजे फुकट मिठीची) पाटी घेऊन कुणी उभं राहिलंय का?

वाटसरू: सिडनीच्या पिट स्ट्रीट मॉलमधे २००४ ला ह्वान मान नावाचा एक माणूस पुठ्ठ्यावर 'फ्री हग्ज' लिहून उभा राहिला, तसं करायचंय. अनोळखी लोक येतात का खरंच?

चकलीकाकू: अरे त्याच्याकडेही पंधरा मिनिटं कुणी फिरकलं नव्हतं म्हणतो तो, मग एक बाई आली, सकाळीच तिचा कुत्रा गेलेला.

खडूस: आणि नंतर पोलिसांनी थांबवलं ना, म्हणे अडीच कोटी डॉलरचा विमा काढा, मिठीला विमा 😄 दहा हजार सह्या जमवल्या तेव्हा कुठे परत सुरू.

निवांत: आम्ही कॉलेजात केलेलं, मिठी मारायला फक्त आमचेच मित्र, शेवटी पाटी उलटी करून 'हात मिळवा' लिहिलं तर भाजीवाल्या मावशी पदराला हात पुसत आल्या.