सॅलनमध्ये पेरॉक्साइड घातलं की नुसता फेस, कॉम्प्लेक्स बिघडलं का?

प्रश्न (एमएस्सी भाग २):
प्रोजेक्टसाठी मँगनीज सॅलन, म्हणजे सॅलन नावाच्या रेणूने धरलेल्या मँगनीजचं कॉम्प्लेक्स, बनवलंय. सॅलिसिलाल्डिहाइड आणि इथिलीनडायअमाइनपासून पिवळाधमक लिगँड (धातूला धरणारा रेणू, म्हणजे सॅलन) आला, मँगनीज अ‍ॅसिटेट घातल्यावर गडद तपकिरी झालं. ब्लीच घातलं की स्टायरीनला ऑक्सिजन जोडून होणारं इपॉक्साइड टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर) दिसतं, पण हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की फसफसून फेस येतो आणि स्टायरीन तसंच्या तसं! आणि सर म्हणतात रिपोर्टमध्ये औषधी उपयोगही लिही, तो कुठून आणू?

उत्तर १:
बिघडलं नाहीये, फेस म्हणजे ऑक्सिजन. स्टायरीनकडे जायच्या आधीच मँगनीज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतंय, आपल्या पेशीतलं कॅटालेज हे एन्झाइम घातक पेरॉक्साइडचं हेच करतं. इपॉक्साइडच हवं असेल तर थोडं इमिडाझोल घालून बघ. पण तुझा औषधी उपयोग त्या फेसातच आहे रे! तुझ्याच कॉम्प्लेक्सचं क्लोराइड म्हणजे औषध म्हणून तपासलेला ईयूके-८ हा पदार्थ, आणि सॅलिसिलाल्डिहाइडऐवजी ऑर्थो-व्हॅनिलिन घेतलं की ईयूके-१३४, ते पेरॉक्साइड अजून जोरात फोडतं. २००० साली पेपर आला की यांनी सी. एलिगन्स कृमींचं आयुष्य सरासरी ४४ टक्के वाढलं, पण २००३ मध्ये दुसऱ्या लॅबला तसं काही दिसलं नाही. दोन्ही लिही, नुसतं पहिलं लिहू नकोस.

उत्तर २:
अ‍ॅव्हासोपासेम या औषधाबद्दल पण वाच. मँगनीजच, पण सॅलन नाही, पाच नायट्रोजनची रिंग. हे औषध सुपरऑक्साइडचं (ऑक्सिजनच्या एका घातक रूपाचं) पेरॉक्साइड करतं आणि पेरॉक्साइडला हात लावत नाही. डोकं-मानेच्या कॅन्सरला रेडिएशन देतात त्याच्या तासभर आधी ट्रायलमध्ये हे शिरेतून दिलं, तोंड सोलवटू नये म्हणून. ट्रायलच्या तिसऱ्या टप्प्यात ४५५ पेशंट होते, तोंडाचा तीव्र त्रास साधारण १८ दिवसांवरून ८ वर आला.

उत्तर ३:
मी केमिस्ट्रीवाली नाही. बाबांचं रेडिएशन झालं तेव्हा तीन आठवडे पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, त्यामुळे ते १० दिवस माझ्यासाठी फार मोठे आहेत. हे औषध मिळतं का?

उत्तर २:
नाही ताई, ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी नाकारली, अजून एक ट्रायल करा म्हणाले. त्रास होण्याचं प्रमाण ६४ वरून ५४ टक्क्यांवरच आलं होतं, तेवढं त्यांना पुरेसं वाटलं नाही.

प्रश्नकर्ता:
ऑर्थो-व्हॅनिलिन डिपार्टमेंटमध्ये आहे. सोमवारी दोन्ही कॉम्प्लेक्स करतो आणि फेसाचा ऑक्सिजन ब्युरेटमध्ये मोजून इथे टाकतो.