पहिली रायफल: एआर-१५ की .२२?
"पहिलीच घ्यायची तर सरळ एआर-१५ घ्या, सुटे भाग कुठेही मिळतात" हे वरचं मत सुट्या भागांपुरतं पटतं. धक्काही फार बसत नाही. पण बंदिस्त रेंजवर मी पहिल्यांदा .२२३ (एआर-१५ची नेहमीची गोळी) चालवली तेव्हा शेजारच्या लेनमधल्या प्रत्येक बारासरशी छातीत हादरा बसायचा आणि माझे डोळे आपोआप मिटायचे. नेम शिकणं राहिलंच बाजूला. शेवटी .२२ या छोट्या, कमी दणक्याच्या गोळीची रुगर १०/२२ रायफल घेतली. १९६४ पासून बाजारात आहे, दहा गोळ्यांचं मॅगझिन पोटातच मावतं, आणि गोळ्या इतक्या स्वस्त की दुपारभर सराव करताना हात आखडता घ्यावा लागत नाही. खोट एकच, .२२ ही रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारी गोळी, ती अधूनमधून फुसकी निघते. तेव्हा नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, लगेच बोल्ट (गोळी आत-बाहेर करणारा दट्ट्या) ओढायचा नाही.

किमतीआधी व्हिसा बघा, हे इथे कुणीच लिहिलेलं नाही. एच-१बीवर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूकच काय, गोळ्याही बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. शिवाय राज्याराज्यांत फरक आहे. वॉशिंग्टन राज्यात २०१९ पासून बिचारी १०/२२सुद्धा कायद्याने 'सेमी-ऑटोमॅटिक असॉल्ट रायफल' ठरते, म्हणून २१ वर्षं पूर्ण हवीत आणि प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो.