मदत हवी आहे: प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी सोसायटीतून काय गोळा करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही परळला, बैलघोडा हॉस्पिटलजवळ राहतो. पावसात भिजलेली, आजारी कुत्री-मांजरं बघवत नाहीत, म्हणून सोसायटीतर्फे एखाद्या निवाऱ्याला मदत करायची आहे.

जुन्या चादरी, टॉवेल, रद्दी भरपूर निघेल. पिंजऱ्यात अंथरायला वर्तमानपत्रं लागतातच. पण या दमट हवेत चादरी वाळत नाहीत, मग त्या आत्ता द्याव्यात की पावसाळा संपल्यावर? उरलेलं जेवण द्यायला मी ठाम नकार दिलाय. आपल्या भाजी-आमटीत कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. तांदूळ द्यावेत की रोख रक्कमच बरी? लस, नसबंदी, औषधं यांचा खर्च शेवटी पैशानेच भागतो असं मला वाटतं, पण लोक वस्तू जास्त मोकळ्या हाताने देतात.

शेजारच्या काकू आई नसलेली मांजरीची पिल्लं मोठी होईपर्यंत घरी सांभाळायला तयार आहेत. गाईचं दूध पिल्लांना पचत नाही. पिल्लांसाठीची दुधाची पावडर दादर-परळ भागात कुठे मिळेल?

आणि कॉलेजच्या मुलांना रविवारी निवाऱ्यात कामाला जायचंय. त्यांनी आधी रेबीजची लस घ्यावी का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, शनिवारी सोसायटीची मीटिंग आहे.