नऊ कुटुंबांची स्वयंपूर्ण वस्ती: १२ एकर पुरतील का?

जोंधळा
नमस्कार. नऊ कुटुंबं, लहानमोठी मिळून २२ माणसं, पारनेर तालुक्यात १२ एकर जिरायत सामाईक घेऊन कायमचं राहायला जायचं म्हणताहेत. धान्य, डाळी, तेल, दूध, भाजी घरची हवी आणि गुण्यागोविंदानं राहायचंय. पाऊस सरासरी ५०० मिमी धरलाय. एवढी जमीन पुरेल का? सातबारा कोणाच्या नावावर असावा?

पाणलोट
आधी पाण्याचा हिशेब. तुमच्या शेजारच्या हिवरे बाजारात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात: पिण्याचं आणि जनावरांचं बाजूला काढायचं, उरेल त्यावर रब्बी ठरवायची. तुम्हीही तसंच करा.

माणशी रोज ५५ लिटर धरलं तर २२ जणांना नोव्हेंबर ते जून, २४० दिवसांत २.९ लाख लिटर लागतात. नऊ घरांची छपरं प्रत्येकी ८० चौरस मीटर असतील, तर ५०० मिमी पावसात वीस टक्के वाया जाऊनही जवळपास तेवढंच पाणी मिळतं. पण पाऊस ३०० मिमीवर आला की ते १.७ लाखांवर येतं. म्हणून टाकी बांधाच, पण तिच्या भरवशावर राहू नका.

शेततळं ३० × ३० × ३ मीटर, उतार १:१ ठेवला तर काठोकाठ २२ लाख लिटर. मुरमाड जमिनीत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाकावाच लागतो, नाहीतर दिवाळीलाच तळ दिसतो. उन्हाळ्यात रोज ८ मिमी बाष्पीभवन म्हणजे ७,००० लिटर हवेत जातात. एका एकराला ५ सेंमीची एक पाळी म्हणजे २ लाख लिटर. तेव्हा हे पाणी सगळ्या ज्वारीला पुरणार नाही; तिच्या काही भागाला पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) असताना एक आणि दाणे भरताना एक, अशा दोन पाळ्यांना आणि अर्धा एकर भाजीला राखा. उसाचा विचारही नको.

आता पोटाचं. माणशी महिना १० किलो धान्य, वर्षाला २६ क्विंटल. जिरायत ज्वारी एकरी ४-५ क्विंटल, म्हणजे सहा एकर. तूर-हरभऱ्याला दोन, भुईमुगाला दीड. १०० किलो शेंगांचे साधारण ७० किलो दाणे आणि घाण्यावर २८ किलोच्या आसपास तेल, त्यामुळे तेल काटकसरीनंच पुरेल. कडब्यावर दोन गाई निघतील, मात्र दोघींची वेतं आलटून-पालटून हवीत, नाहीतर एकाच वेळी दोन्ही आटतात. उरलेल्या अडीच एकरांत घरं, तळं, हिरवा चारा आणि भाजी. जमिनीला मोकळीक कुठेच नाही. मीठ, गूळ, चहा, कपडा विकतच घ्यायचा. दोन दुष्काळी वर्षांचं धान्य मागे टाकल्याशिवाय नोकऱ्या सोडू नका.

फेरफार
खरेदीआधी प्रत्येकाचा शेतकरी असल्याचा पुरावा पाहा. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. तीस वर्षांचे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा, वारस नोंद राहिलेली नाही ना ते बघा, मोजणी करून घ्या. एक-दोन शेतघरं आणि नऊ घरांची वस्ती यांत फरक आहे. घरांपुरत्या तुकड्याचा बिगरशेती (एनए) वापर आधीच नियमात बसवून घ्या.

सामाईक खात्यात खरी अडचण पुढच्या पिढीत येते. कोणी वारलं की चार वारस चढतात, आणि त्यातला एकही वाटप मागू शकतो. संयुक्त सहकारी शेती संस्थेत मालकी सभासदांची राहते, कसणं एकत्र होतं. पण १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानं वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात. तुम्ही नऊ आहात, दहावं कुटुंब आत्ताच शोधा.

जोंधळा
आभार. संस्था करू. पण एखाद्याला मध्येच सोडून जावंसं वाटलं तर?

फेरफार
ते पहिल्या दिवशी लिहा. जमिनीचा भाव वाढलेला असतो, जाणारा बाजारभाव मागतो, राहणाऱ्यांकडे रोकड नसते आणि शेवटी रान विकावं लागतं. म्हणून बारा महिन्यांची पूर्वसूचना, घातलेले पैसे आणि ठरलेली वाढ एवढीच किंमत, पाच हप्त्यांत परतफेड, आणि हिस्सा आधी उरलेल्यांना देऊ करायचा. त्यासाठी दरमहा वेगळा निधी साठवा. हे सगळं वकिलाकडून करारात बसवून घ्या.

पाणलोट
आणि कष्टांची वही ठेवा. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्री येते, तेव्हा दारं धरायला (पिकात पाणी वळवायला) कोण जाणार? सामाईक स्वयंपाकघर बायकांच्या गळ्यात पडतं. पुरुषांची पाळी नावानिशी लिहा, भाकरी थापण्यासकट. निर्णय बहुमतानं घेऊ नका. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात सर्वसहमती चालते, कारण तिथं अभ्यासगट आधी विषयाचा कीस पाडतो आणि मग तो ग्रामसभेत येतो. तुमच्या पहिल्या अभ्यासगटाला विषय द्या तो शेततळ्याच्या जागेचा.